केसभर जागा

जे माझ्या बायकोला, गिरिजाला सांगायचं होतं ते तुम्हाला सांगायला बसलोय. ती गेली. ती होती तोवर तोंड उघडलं नाही आणि आता उघडतोय — ह्यात काही मोठेपणा नाही, तेवढं मला कळतं. माझ्या पोराला हे ठाऊक नाही. उद्यमनगरात ज्यांच्या शेजारी उभा जन्म काढला, त्यातल्या एकालाही ठाऊक नाही. देवापुढं बसल्यावर मनातल्या मनातसुद्धा कधी म्हटलं नाही. बायको शेजारीच बसलेली असायची — चेहऱ्यावरनं ओळखलं तर?

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. जसं बोललो असतो तसंच लिहितोय.

माझं काम बोअरिंगचं. इंजिनचा ब्लॉक बिडाचा असतो, त्यात पिस्टन वरखाली पळायची भोकं असतात. भोकं झिजली की ब्लॉक आमच्याकडं यायचा. ती जराशी मोठी करायची, घासून गुळगुळीत करायची, आणि त्यात नवा पिस्टन बसवायचा. ऐकायला सोपं आहे. पण पिस्टन आणि भोकाची भिंत, ह्यांच्यात जागा किती सोडायची — सगळी विद्या तिथं. जास्त सोडली तर पिस्टन खडखडतो. कमी सोडली तर तापल्यावर फुगतो आणि भिंतीला धरतो. धरला की इंजिन जागच्या जागी जाम. केसभर जागा लागते. एका केसाचा फरक, आणि त्यावर माणसाचं नाव.

माझं नाव होतं. खोटं कशाला सांगू? पिस्टनला तेल लावून मी वरनं सोडला, की तुपात चमचा बुडावा तसा स्वतःच्या वजनानं सावकाश उतरायचा. गल्लीतली माणसं ते बघायला थांबायची. इंजिन पहिल्यांदा चालू करताना जुनी मंडळी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकायची. “ह्याच्या इंजिनला आवाजच न्हाय,” म्हणायची. त्यावर मी जगलो. त्यावरच — पण ते पुढं.

शिवा माझा मेहुणा. गिरिजाचा धाकटा भाऊ, तिच्यापेक्षा बराच लहान. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. त्यांचं घर हुपरीचं, सगळे चांदीत. घरोघर बसून पैंजण करतात तसलंच त्यांचं. ह्याचं मन त्यात रमलं नाही. दहावी झाली आणि पिशवी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. “आक्का, मला दाजींच्यापाशी इंजिन शिकायचं हाय.” मी शिकवलं. पोराच्या हातात कला होती. पुढं त्यानं माझ्या दुकानाला लागूनच पत्र्याची शेड घातली, आणि जोरात पळणाऱ्या गाड्यांचं काम धरलं. कोल्हापुरात गाडी पळवणाऱ्यांना तोटा नव्हता. त्याच्याकडं पुण्या-बेळगावाहून पोरं यायला लागली. मला बरं वाटायचं. आणि थोडं — लिहूनच टाकतो — थोडं टोचायचंसुद्धा.

मग अजितची गाडी आली. अजित म्हणजे शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याचा पोरगा. गाडी लहानशी, पुढच्या चाकांवर चालणारी. म्हणजे इंजिनची ओढही पुढच्या चाकांना आणि वळायचं कामही त्याच चाकांचं. त्यानं मुंबईच्या भंगारातनं टर्बो आणला होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करायला लागतं. पण तेवढा मार सोसायला आतनं इंजिन तसं बांधावं लागतं. कसं बांधायचं, ह्यावर आमच्या दारात रोज पंचायत बसायची.

एक जण म्हणायचा, आतलं काही उघडू नका, हवा बेतानं कोंबा. माझं म्हणणं, नेहमीचे ओतीव पिस्टनच घाला, वर पॅकिंग जाड घाला, दाब कमी होईल, भागेल. शिवाचं म्हणणं वेगळं. ओतलेला पिस्टन ह्या हवेपुढं फुटणार, म्हणाला. फोर्ज्डच पाहिजेत — म्हणजे ओतलेले नाहीत, दाबून-ठोकून घडवलेले. ते बाहेरनं मागवायचे.

“काका, तुमचा पिस्टन उसाच्या ट्रॅक्टरला झ्याक हाय,” अजित म्हणाला. “हितं गाडी उडवायची हाय.”

“उडीव की. खाली कोण झेलणार हाय?” मी म्हणालो.

पोरं हसली. पण कुणावर हसली ते मला कळलं. शिवा हसला नव्हता. तो खाली बघत होता, आणि मला वाटलं तो हसू दाबतोय. ठरलं शिवाच्या म्हणण्याप्रमाणं. माझ्या दारात, माझ्या शिष्याचा शब्द वर आणि माझा खाली. एवढीशी गोष्ट. माणसाला एवढीशी गोष्ट पुरते, नाही का?

पिस्टन आले. शिवा ते उघड्या हातावर घेऊन माझ्याकडं आला.

“दाजी, ह्यो पिस्टन तापला की आपल्या पिस्टनापेक्षा जास्त फुगतोय. जागा दुप्पट सोडायला पायजे. गार असताना खडखडंल थोडा, त्याचं काय न्हाय. गरम झाला की गप हुतोय.”

“मला शिकवालाईस?”

“न्हाय वो दाजी! पिस्टनवाल्यानं फोनवर परत परत बजावलंय, म्हणून सांगालोय.”

मी “बरं” म्हणालो. आणि खरंच तसंच करायचं ठरवलं होतं. ब्लॉक मशीनवर चढवला तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. भोकं घासत घासत नेहमीच्या मापाला आणली. तेल लावून पिस्टन सोडला — तुपात चमचा. तिथं थांबायचं नव्हतं. अजून घासायचं होतं, अजून एक केस. घासला असता की पिस्टन डुगडुगत खाली गेला असता. मी हातात घासायचा दगड धरून उभा राहिलो. आणि काय डोळ्यांपुढं आलं सांगू? नारळ फोडलाय, गल्ली जमलीय, इंजिन चालू झालंय — आणि ते खडखडतंय. सगळे माझ्याकडं बघतायत. “म्हाताऱ्याचा हात गेला वाटतं.” गरम झाल्यावर गप होईल, हे ऐकायला कोण थांबणार? पहिल्या आवाजालाच माणूस निकाल देतो. मी दिला नव्हता का लोकांच्या इंजिनला?

मी मशीन बंद केलं.

आणखी एक होतं. आतल्या आत वाटलं, शिवाच्या फोनवाल्याला काय कळतंय? बिडातनं एवढी वर्षं हात फिरवला तो मी. ते सगळं त्या एका क्षणात झालं, आणि त्यातलं एकही कारण आज मला कारण वाटत नाही.

शिवा ब्लॉक न्यायला आला. “सोडली नव्हं दाजी, सांगितल्यावानी?”

“सोडली.”

एवढंच बोललो. एक शब्द.

तुम्ही म्हणाल, त्यानं मोजून का घेतलं नाही? पातळ पट्ट्या असतात, पिस्टनाशेजारी सरकवल्या की चुटकीसरशी कळतं. त्याच्या खिशात असायच्या. दुसऱ्या कुणाचा बोअर असता तर त्यानं डोळे झाकून विश्वास ठेवला नसता. पण दाजीनं केलेल्या बोअरला पट्टी लावायची? ज्यानं हातात पाना दिला, ज्याच्या ताटाशेजारी जेवला, बहिणीचा नवरा — त्याच्या तोंडावर मोजायचं? आमच्याकडं ते होत नाही. दाजीचा शब्द म्हणजे माप. शिवानं ब्लॉक खांद्याला लावला आणि घेऊन गेला. त्याची चूक म्हणायची तर ही एवढीच. मला मान दिला.

इंजिन चालू करायच्या दिवशी गिरिजा घरनं शिऱ्याचं पातेलं घेऊन आली होती. नारळ फोडला. शिवानं किल्ली फिरवली, आणि इंजिन असं चालू झालं की शेजारच्या लेथवाल्यानं विचारलं, “चालू हाय का बंद?” गल्ली हसली. मी ताठ उभा होतो. फक्त शिवाच्या कपाळाला आठी पडली होती.

“दाजी, गार हाय न्हवं? थोडा आवाज यायला पायजे हुता की.”

“बोअर कुणाचा हाय?” मी म्हणालो.

पुन्हा हसले सगळे. शिवासुद्धा हसला, मान हलवली. गिरिजानं दोघांच्या हातावर शिरा ठेवला आणि म्हणाली, “तुमच्या दोघांच्या हाताला यश हाय.” तिचा तो चेहरा —

पुढं बरेच दिवस गाडी सावकाश चालवली. नवं इंजिन आधी सैल होऊ द्यायचं असतं, टर्बोची हवा कोंबायची नसते. रोज संध्याकाळी अजित गाडी दाखवायला यायचा, रोज मी बॉनेटवर हात ठेवून ऐकायचो. काही झालं नाही. मला वाटायला लागलं, झालंच तर काय होणार? त्यातल्या कुठल्याही संध्याकाळी म्हणता आलं असतं — शिवा, परत खोल, एक केस कमी पडलाय. लाज गेली असती, दोन दिवस चेष्टा झाली असती. एवढंच गेलं असतं. नाही म्हणालो. का? रोज उद्यावर ढकलायचं, आणि उद्या गाडी नीटच असायची.

माझा पोरगा महेश तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. तालमीच्या संघातनं फुटबॉल खेळायचा, लेफ्टला. अजितची आणि त्याची दोस्ती. एका रविवारी सकाळी अजित पूर्ण हवा देऊन गाडी बघायला म्हणून निघाला, कागलच्या रस्त्याला. महेश शेजारी बसला. माझ्यासमोर बसला. खिडकीतनं हात काढून म्हणाला, “आप्पा, आलोच.” मी त्याला थांबवलं नाही. तो एक केस आठवला होता — हेही लिहितो, कारण आठवल्याचं मला ठाऊक आहे — आणि तरी थांबवलं नाही.

लांब चढावर अजितनं दाबून धरली. वर पोचता पोचता पिस्टन फुगले आणि भिंतीला धरले. इंजिन जाम. इंजिन जाम म्हणजे पुढची चाकं जाम. आणि वळायचं कामही त्याच चाकांचं — सांगितलं ना मी? रस्ता उजवीकडं वळत होता. अजितनं स्टिअरिंग फिरवलं, गाडी सरळच गेली. क्लचवर पाय जाईपर्यंत गाडी मोरीच्या कठड्याला लागली, महेशच्या बाजूनं.

अजितचा हात मोडला, जुळला. महेशचा डावा पाय गुडघ्याखालनं काढावा लागला.

दवाखान्यात काय झालं ते लिहीत नाही. त्याची आई होती तिथं, एवढं पुरे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथं आलो. इथवर तुम्हाला वाटलं असेल, म्हाताऱ्यानं अभिमानापायी चूक केली, पोराचा पाय गेला, तेच सांगतोय. ते नव्हे. चूक माणसाकडनं होते. ह्यापुढचं माझ्याकडनं झालं नाही, ते मी केलं.

चेपलेली गाडी ओढून शिवाच्या शेडमध्ये आणली होती. शिवा म्हणाला, “दाजी, तुम्हीच खोला. माझ्यानं न्हाय बघवत.” आणि तो पोराचा डबा घेऊन दवाखान्यात गेला. दुपारची वेळ, गल्ली जेवायला गेलेली. मी एकट्यानं इंजिन खोललं. पिस्टन बाहेर काढले. चारी अंगांनी ओरखडे. सगळीकडनं सारखे. जागा कमी सोडल्याशिवाय तसे पडत नाहीत, आणि ते बघायला मला दिवा लागला नाही. तेल कमी पडून इंजिन धरलं असतं तर आधी खालची बेअरिंगं काळी पडली असती. ती नव्यासारखी चकाकत होती.

मी त्या पिस्टनाकडं बघत बसलो. म्हटलं, आता शिवा येईल. आता त्याला दिसेल. आणि त्याच्या पाठोपाठ गिरिजाला कळेल — की हिच्या पोराचा पाय हिच्या नवऱ्यानं तोडला.

टर्बोला तेल देणारी एक बारीक नळी असते. ती शिवानं स्वतःच्या हातानं बसवली होती. मी उठलो. पाना घेतला. आणि त्या नळीचा नट दोन फेरे सैल केला.

लिहिलं. झालं लिहून.

खालची तेलाची टाकी धडकेत फुटली होती, तेल सगळीकडं सांडलेलंच होतं. ते नळीतनं आधीच गळून इंजिन धरलं का धडकेनंतर टाकीतनं सांडलं, कोण सांगणार? बेअरिंगं मी फडक्यात गुंडाळून माझ्या दुकानात नेऊन ठेवली. शिवा आला. मी त्याला एवढंच म्हणालो, “हे बघ.” त्याचं बोट धरून नटावर ठेवलं. नट बोटानं फिरला.

तो खालीच बसला. तेलात.

त्यानं पिस्टन बघितलेच नाहीत. बघितले असते तर त्याला कळलं असतं, माझ्याइतकंच कळलं असतं. पण आपल्या हातनं नट सैल राहिला हे एकदा डोळ्यांनी दिसल्यावर माणूस दुसरं काय बघेल? मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. दोष दिला नाही. लोक म्हणाले, केवढा सोसणारा माणूस आहे. दोष द्यायची मला गरज कुठं होती? तो त्यानं स्वतःच उचलला आणि उठून सरळ दवाखान्यात बहिणीकडं घेऊन गेला.

“आक्का, माझ्या हातनं झालं,” तो म्हणाला. मी मागं उभा होतो.

गिरिजानं त्याला मारलं नाही, ओरडली नाही. हातातला तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, “माझ्या लेकाचा पाय खाल्लास तू. आता माझ्या दारात यिऊ नगंस. मला भाऊ न्हाय.”

कडेवर वाढवलेल्या पोराला म्हणाली. आणि मी मागं उभा होतो.

चार दिवसांनी मी तो ब्लॉक आणि पिस्टन, बेअरिंगं, सगळं टेम्पोत घातलं आणि शिरोलीला ओळखीच्या फाउंड्रीत नेलं. भट्टीत पडलेलं बघूनच परत आलो. त्या बिडाचं पुढं कशाचं काय झालं कुणास ठाऊक. कुठंतरी एखादा पाण्याचा पंप असेल.

शिवानं शेड मोडली. जोरात पळणारी गाडीच काय, साधी मोटरसायकलसुद्धा पुन्हा उघडली नाही त्यानं. हुपरीला गेला आणि ज्या चांदीला नको म्हणाला होता तिच्यापुढं मान घालून बसला. दिवाळीला बायकोच्या हातनं फराळ पाठवायचा. गिरिजा डबा न उघडता परत द्यायची. पहिली दोन वर्षं. मग डबाच यायचा बंद झाला.

भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. गिरिजा चंद्राला ओवाळायची. दारात उभी राहून, ताटात सुपारी, निरांजन. शेजारच्या बायकांनी सुरुवातीला समजावलं, “अगं, जित्ता भाऊ हाय तुला.” ती निरांजनाची वात सारखी करायची. ओवाळून झालं की ताट तसंच धरून उभी राहायची, दिवा विझेपर्यंत. मी आत पेपर धरून बसायचो. पेपर उलटा आहे का सुलटा, कळत नसायचं. तिच्या मनात काय चालायचं? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

महेशला नकली पाय बसवला. पतसंस्थेत चिकटला. लग्न झालं, पोरं झाली. काठी टेकत चांगला चालतो आता, पण मामाचं नाव निघालं की ताठ होतो. त्याचा राग मी वाढवला नाही — कमीही केला नाही. राग आपोआप वाढतो, त्याला काही घालावं लागत नाही. फक्त गप्प बसावं लागतं.

गिरिजाच्या किडन्या गेल्या. शेवटी शेवटी ती अंथरुणावरच होती. चेहरा सुजलेला, बोलताना धाप. एका सकाळी मी तिला पेज भरवत होतो. तिनं चमचा हातानं बाजूला केला.

“अवो, एक विचारू? मी शिवाशी लई ताठ वागले का?”

मी चमचा भांड्यात ठेवला.

“पोरगं हुतं वो त्ये. नट विसरला आसंल. माणूस विसरतोय. बोलावू का त्येला? तुम्ही सांगाल तसं.”

तुम्ही सांगाल तसं. उभ्या जन्मात ती असंच म्हणत आली. आणि मी — ऐका, आणि मग माझं काय करायचं ते तुमच्या मनात करा — मी म्हणालो, “कशाला आता? तू केलंस ते बरोबरच केलंस.”

का म्हणालो? शिवा आला असता, बहिणीपाशी बसला असता, रडला असता, जुनं सगळं निघालं असतं. बोलता बोलता तो म्हणाला असता, दाजी, पिस्टन कुठं आहेत, मी ते बघितलेच नाहीत. मरणाऱ्या बायकोपुढं मी माझा जीव वाचवत होतो. कसला जीव? सत्तरी गाठलेला. तिनं मान भिंतीकडं वळवली. पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही.

ती गेली तेव्हा कुणीतरी हुपरीला कळवलं. सवाष्ण बाई गेली की तिला माहेरचं लुगडं लागतं. भावानं आणायचं, ते नेसवायचं, आणि मग मातीला न्यायचं. शिवा आला. केस सगळे पांढरे झालेले, मी ओळखलाच नाही आधी. काखेत कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं. पायातली चप्पल गल्लीच्या तोंडालाच काढून अनवाणी आला होता.

महेश काठी टेकत दारात गेला आणि आडवा उभा राहिला.

“हितं भाऊ न्हाय तिला. तिनंच सांगितलंय.”

म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या, असं करू नये, रित हाय. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तिच्या उशाला बसलो होतो. मी बोललो असतो तर महेश बाजूला झाला असता. एवढं “यिऊ दे” म्हटलं असतं तरी झाला असता, खरं सांगायचीही गरज नव्हती. मी तिच्या कपाळाची विभूती सारखी करत राहिलो. सारखीच होती ती.

शिवा वाद न घालता मागं फिरला. दुकानातनं घाईनं आणलेलं लुगडं जावेनं नेसवलं. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात; त्यातच तिला बसवून माती दिली. शिवा लांब, कुंपणाच्या पलीकडं उभा होता. सगळे गेल्यावर त्यानं आत येऊन मूठभर माती टाकली म्हणे. मी बघितलं नाही. मी पुढं निघून आलो होतो.

आता राहिलं ते एवढंच.

ती गेल्याला वर्ष होऊन गेलं. एका दुपारी महेश कामावर, सून पोरांना घेऊन माहेरी, आणि मी एकटाच बाहेरच्या खोलीत. दार लोटलेलं होतं. शिवा आला. खुर्ची दिली तर बसला नाही, उंबऱ्याजवळ खाली बसला. हाताच्या बोटांवर भाजल्याचे डाग, चांदीचं काम करणाऱ्याचे असतात तसे.

“दाजी,” म्हणाला, “आक्कापाशी मागायचं राहिलं. महेश तर तोंड बघत न्हाय, आणि त्येचं बरोबर हाय. तुम्हीच राहिलाय. मी रोज त्यो नट आवळतोय बघा. झोपंतसुदीक. आवळून आवळून हात दुखतोय.” मग म्हणाला, “तुम्ही कधी एक शबुद वाकडा बोलला न्हाईसा मला. त्योच जास्त लागतोय. शिव्या तरी घाला. न्हाईतर माफ तरी करा.”

घरात कुणी नव्हतं. ती नव्हती. कळून तिला दुखणार नव्हतं, माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. तो समोर होता, हातभर अंतरावर.

मी म्हणालो, “जाऊ दे शिवा. केलं माफ.”

तो माझ्या पायांवर पडला. साठीकडं झुकलेला माणूस, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. माझी पावलं भिजली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठलो, चहा केला, तो त्यानं घेतला. हुपरीची बस चुकू नये म्हणून त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्यानं माझा हात धरला होता, मी अडखळू नये म्हणून.

बसमध्ये चढताना मागं वळून म्हणाला, “दाजी, तुमचं काळीज लई मोठं हाय.”

मी मान हलवली.